गोटा टायरची निळी गाडी

"युनूसच्या गॅरेजातली ती निळी गाडी म्हणं पुढचे दोन्ही पाय उचलून उभी ऱ्हाती, अन् मंग…"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्याने पट्टा चढवला. मंग काय? पुढं काय? माझ्या पुढच्या दोघीजणींची तोंडं हलताना दिसत होती, पण त्या घरघरीत ऐकू काय येणार, कपाळ! माझं दळण होईस्तोवर दोघी पसार. पीठ गरम, आणि माझं डोकं त्याहून गरम!

कारण युनूसभाईंच्या गॅरेजची सख्खी शेजारीण मी. त्यांच्या आणि आमच्या मध्ये एकच भिंत, आणि भिंतीपाशी आमच्या बाजूला टोमॅटोचं एक क्रेट कायम पालथं घातलेलं असतं. कशाला, ते विचारू नका. शेजारी गॅरेज असलं की किस्से साठतातच. अंगण रोज झाडलं तरी रोज नवा पाला पडतो ना, तसे. सगळ्यांत जास्त साठले ते त्या निळ्या गाडीचे. आणि मला सोडून गिरणीतल्या बायांना जास्त माहिती? हे काय बरोबर आहे का?

तर आधी गाडीची ओळख करून देते. लांब नाकाची, दोन दारांची, विलायती. आमच्या राजुरीचे तात्या तरुणपणी मुंबईला मेकॅनिक होते. कुणीतरी टाकून दिलेली ही गाडी त्यांनी शर्यतीसाठी तयार केली. शर्यतही कसली, तर विमानाच्या पट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सरळ सुटायचं. वळण नाही, फेरी नाही. किती सेकंदांत पोचली, बास! आपल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटासारखंच की, फक्त बैलांच्या जागी इंजिन.

पण शेवटच्या शर्यतीत गाडी सुटली ती आडवीच झाली आणि सगळ्या पब्लिकसमोर गवतात शिरली. लोक हसले. तात्यांनी गाडी ट्रकवर घातली, गावी आणली आणि कांद्याच्या चाळीत ताडपत्रीखाली झाकून ठेवली. विकली नाही, पण चालवलीही नाही. इंजिन मात्र दर दिवाळीला सुरू करून बघायचे. कुणी विचारलं की एकच उत्तर, "ती सरळ जात नाय."

यंदा त्यांच्या लेकीनं, सुषमानं, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत या गाडीचं नाव घातलं. सुषमाला निरगुडसरला दिलीय. स्वतः पिकअप चालवून नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेते. लई धाडसाची पोरगी. ती युनूसभाईंना म्हणाली, "भाई, नंबर नको, कप नको. तात्यांच्या डोळ्यांदेखत एकदा सरळ न्यायची."

युनूसभाई मूळचे जुन्नरचे. हयात ट्रॅक्टर आणि पिकअपखाली गेली. गाडीखाली सरकले, बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, इंजिन शेर आहे. सगळं दुखणं मागच्या चाकांत अन् पाट्यांत."

तिथनं पुढं माझं क्रेट झिजायला लागलं.

*

नवीन टायर आले. मागचे दोनच. पण केवढे रुंद! एका टायरवर दोन माणसं बसून जेवतील. आणि त्यावर नक्षी म्हणून नाही, एक रेघ नाही. गुळगुळीत!

टेम्पोवाल्यानं उतरवतानाच तोंड वाकडं केलं. "मिस्त्री, फसवलं तुमाला. नवीन म्हणून गोटा टायर गळ्यात मारलेत."

झालं! दुपारपर्यंत अख्ख्या राजुरीत बातमी, सुषमाला कुणीतरी झिजलेले टायर पाठवले. माणसं सांत्वनाला यायला लागली हो! एक म्हातारे तर हात लावून म्हणाले, "कुणाच्या टॅक्टरला व्हते गं हे? लई वापरलेत."

सुषमा प्रत्येकाला समजावून सांगायची, "आजोबा, हे असेच असतात. नक्षी नसली की सगळा रबर रस्त्याला चिकटतो."

शेवटी ती कंटाळली. पुढचा माणूस हळहळत आला तेव्हा म्हणाली, "हो ना काका, फसवलं बघा मला. चहा घेणार?"

*

टायर आले खरे, पण मडगार्डात मावेनात. आतून पत्र्याची जी कड असते ना, ती रबराला घासायची. कड कापली तर मडगार्ड लेचंपेचं होणार. वाकवून आत दाबायची होती, पण हातोडा मारला तर बाहेरून पोचे. युनूसभाई डोकं खाजवत बसले.

मी भिंतीवरून म्हटलं, "लाटून का नाय घेत?"

"काकी, पोळी हाय का ती?"

मी घरात गेले आणि सासूबाईंचं मुसळ आणून भिंतीवरून खाली दिलं. त्यांनी मुसळाकडं बघितलं, मडगार्डाकडं बघितलं. टायर आणि कड यांच्या मध्ये मुसळ अडकवलं, आणि चौघांनी गाडी हळूहळू मागं-पुढं ढकलली. चाक फिरेल तसं मुसळ फिरायचं, मुसळ फिरेल तशी कड वर दुमडायची. बाहेरून एक पोचा नाही! पुऱ्या लाटल्यासारखी दोन्ही मडगार्डं लाटून दिली.

आता त्या मुसळाला निळा रंग लागलाय. आमच्या घरी पाहुणे आले की मी ते मुद्दाम दारात ठेवते.

*

आता पुढची चूक मात्र आमच्याच भागात होऊ शकते!

आमच्याकडं पिकअप नवीन घेतली की ती आधी मार्केटला जात नाही, आधी युनूसभाईंकडं जाते. मागच्या एक्सलला लोखंडी पाट्यांची कमान असते, तिच्यात दोन पाटे वाढवून घ्यायचे. म्हणजे मग टोमॅटोचे कितीही क्रेट भरा, गाडी बसत नाही. भाईंचा हात त्याला इतका बसलेला, की माणूस तोंडात घास घालतो तसे ते पाटे घालतात.

निळ्या गाडीची कमान काढली, धुतली, घासली, नवे बुश घातले आणि परत बसवली. गाडी जॅकवरून खाली घेतली. तर गाडीचं बूड आभाळाकडं आणि नाक जमिनीत! वैरण हुंगणाऱ्या बैलासारखी.

सुषमा पिकअपमधून उतरली. बघतच राहिली. "भाई, पाटे वाढवले?"

युनूसभाई आठवायला लागले. मग हळूच म्हणाले, "हात गेला, ताई."

"मी शर्यतीला चाललेय भाई! टमाटे भरायला नाय चालले!"

पाटे काढले. पण तेव्हापासून आजपर्यंत गॅरेजात कुणी पाटे घालायला आलं की भाई आधी विचारतात, "शर्यतीला की मार्केटला?"

*

टायरच्या हवेचा किस्सा तर विचारूच नका.

या टायरांत हवा कमीच ठेवायची असते. टायर जरा फतकल मारून बसला पाहिजे, म्हणजे तो पट्टीला धरून राहतो. हे युनूसभाईंना माहीत, सुषमाला माहीत, आणि भिंतीमुळं मला माहीत. पण आमचा पंक्चरवाला दत्तू! मनानं इतका चांगला की विचारू नका. येता-जाता टायरवर हात मारायचा, "अरे अरे अरे" करायचा आणि नळी लावून टम्म फुगवून जायचा.

सकाळी भाई हवा काढायचे, दुपारी दत्तू भरायचा.

"दत्तू, भाऊ माझ्या, हात नको लावू."

"भाई, पैसं मागितलं का मी? सुषमाताईची गाडी म्हणून करतोय!"

आता मायेनं करणाऱ्याला रागवायचं तरी कसं? आणि दत्तू एकटाच नव्हता. मळ्यात जाणारे-येणारेसुद्धा पाय मारून बघायचे आणि दत्तूला हाक मारायचे.

मग एक दिवस बघते तर दोन्ही टायरांच्या हवेच्या तोंडाला लाल धागा, नीट गाठी मारून बांधलेला. त्या दिवसापासून कुणी हात लावला नाही. दत्तू तर लांबूनच नमस्कार करून जायला लागला.

मला राहवेना. क्रेटवर चढून विचारलं, "भाई, धागा कुठला हो? दर्ग्यातला की खंडोबाचा?"

युनूसभाईंनी इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाले, "बायकोच्या शिलाई मशीनचा."

*

हे सगळं चाललेलं असताना तात्या काय करत होते? गॅरेजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. बघायचे. काही विचारलं की, "ती सरळ जात नाय."

गुऱ्हाळामागच्या मोकळ्या पट्टीवर पहिल्यांदा गाडी सोडून बघितली, त्या दिवशी मला वाटलं तात्याच खरे. सुषमानं पाय दिला आणि गाडीचं मागचं अंग बेडकासारखं उड्या मारायला लागलं. धडधड धडधड! आणि तोंड वळलं उजवीकडं. सुषमानं लगेच ब्रेक दाबला म्हणून बरं, नाहीतर उसात गेली असती. खाली उतरली तर चेहरा पांढराफटक. तात्यांकडं बघायची तिची हिंमत होईना. लोकांपुढं परत तेच झालं असतं तर गाडी नक्की पुन्हा चाळीत गेली असती.

युनूसभाई खाली वाकले. "पाटा पिळवटतोय, ताई. इंजिन जोर लावतंय अन् पाटा मुरगाळतोय. खाली दांडी पाहिजे, त्याला टेकायला."

मग जाड पाइपाच्या दोन दांड्या केल्या, एकेका पाट्याखाली एकेक. पाटा मुरगळायला गेला की दांडी म्हणणार, बस खाली! वेल्डिंग असं केलं, की गावातल्या वेल्डरनं येऊन नुसता हात फिरवला आणि निघून गेला.

दोन्ही दांड्या सारख्या ताणून बसवल्या. युनूसभाई पाना ठेवणार, तेवढ्यात खुर्ची करकरली.

तात्या उठले होते! गाडीजवळ आले, खाली वाकले, गुडघा टेकवला.

"उजवी अजून ताण."

"तात्या, दोन्ही सारख्या हायेत."

"म्हणूनच. सुटताना ही डाव्या अंगानं उठती अन् मागचं उजवं चाक हलकं पडतं. डावं एकटं ढकलतं, अन् त्वांड वळतं." पाट्यावर हात ठेवून म्हणाले, "लई वर्षं झोपेत पण तेच बघतोय."

युनूसभाईंनी पाना तात्यांच्याच हातात दिला. तात्यांनी किती फिरवला ते मला दिसलं नाही, कारण त्याच वेळी माझं क्रेट मोडलं!

*

शर्यत पुण्याच्या पलीकडं एका जुन्या धावपट्टीवर होती. राजुरीतून टेम्पो भरून निघाला, आणि महाळुंगे पडवळहून सुषमाच्या नवऱ्याचे दोस्त, सगळे बैलगाड्याचे शौकीन. तिथं बाकीची माणसं टोप्या-गॉगलवाली, गाड्या चकचकीत. आमचे लोक फेटे बांधून!

तपासणीवाल्या साहेबांनी गाडीखाली बॅटरी मारली. बराच वेळ दांड्याच बघत होते. "हे काम कुणी केलं?"

मीच पुढं झाले. "आमच्या राजुरीत झालंय! मडगार्ड आमच्या मुसळानं!"

साहेबांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी पास केली.

गाडी लायनीत लागली. सुषमा हेल्मेट घालून आत. युनूसभाईंनी फडक्यानं टायर पुसून पुसून आरशासारखे केले. आणि ते जरा बाजूला झाले, तेवढ्यात महाळुंग्याच्या मंडळींनी घाटात बैलांचं करतात तेच केलं. नारळ फोडला, पाणी टायरांवर शिंपडलं, आणि "येळकोट येळकोट" म्हणत पिशवीभर भंडारा दोन्ही मागच्या चाकांवर उधळला!

टायर पिवळे धमक. युनूसभाई मटकन खाली बसले.

नारंगी जाकीटवाला माणूस ओरडत आला, "अहो, काय केलंत हे? ग्रिप जाईल सगळी!"

महाळुंग्याचा पैलवान म्हणाला, "साहेब, भंडाऱ्यानं आजपातूर कुणाची ग्रिप गेली नाय!"

पुसायला गेले तर नारळाच्या पाण्यात त्याचा चिखल झालेला. वेळ संपत आलेली. तात्या कठड्याला धरून उभे. युनूसभाई उठले आणि खिडकीशी जाऊन म्हणाले, "ताई, सुटायच्या आधी टायर तापवायला पाण्यात चाकं फिरवतात ना, ती भरपूर फिरव. सगळं जळू दे."

सुषमानं चाकं फिरवली.

आणि काय सांगू तुम्हाला! बाकीच्यांचा धूर पांढरा निघाला होता. आमचा पिवळा! टायरखालून पिवळा लोट उठला आणि सगळ्या पट्टीवर पसरला. गॉगलवाले खोकायला लागले. माईकवाला बोलायचाच थांबला, मग म्हणाला, "ये पीला धुआँ कैसे?" आणि आमचा टेम्पो एका आवाजात ओरडला, "राजुरी!"

धूर विरला. खालचे टायर काळे कुळकुळीत. गाडी पुढं सरकून थांबली. खांबावरचे दिवे एकेक करत खाली आले आणि हिरवा लागला.

मागचं बूड खाली बसलं, टायर चपटे झाले आणि गाडी उठली. पुढची डावी बाजू जमिनीवरून सुटली, चाक हवेत! दोन्ही नाही हां, एकच. उजवं खालीच होतं. आणि ते डावं चाक टेकलं तशी गाडी जी निघाली, ती आखल्यासारखी, पार टोकापर्यंत.

आमच्यात तिथंच भांडण लागलं. मी म्हटलं चाक वीतभर उचललं. दत्तू म्हणाला हातभर. पैलवान म्हणाला, "मावशी, कमरेइतकं!" युनूसभाई डोळे पुसत होते, ते कुणाच्याच बाजूनं बोलेनात.

शेवटी दत्तू तात्यांकडं गेला. त्यांचा चष्मा, टोपी, मिशा, सगळं पिवळं झालेलं. "तात्या, तुमी सांगा. चाक किती उचललं?"

तात्या अजून पट्टीच्या त्या टोकाकडंच बघत होते.

"चाकाकडं कोण बघत व्हतं?"