वायपरखालची ओळ

जुन्या गाड्यांच्या त्या बाजारात त्याला सगळे पेंटर म्हणत. काम एवढंच, गाडीच्या पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगानं किंमत लिहायची. पण आकडे काय देखणे! रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधूनही सहज वाचता यावेत. ते त्याला थोरल्या ताईनं शिकवले होते. लहानपणी ती त्याचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायची आणि सातपाशी आली की हमखास चिडायची. "अरे, सात काढतोयस की हंडा? पोट आवर त्याचं!"

काचेवर किंमत ठळक लिहायची. नोंदणी, विमा, कागदपत्रं यांचे पैसे वेगळे पडतील, ही ओळ मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत, बरोब्बर वायपर टेकतो तिथं. आता गाडी बघायला आलेला माणूस वायपर कशाला उचलतोय? युक्ती मालकाची, ब्रश पेंटरचा. तुम्ही म्हणाल, नोकरमाणूस बिचारा, करणार काय? तोही स्वतःला हेच सांगायचा. आणि खरं सांगू का, एवढं बारीक अक्षर इतकं सुबक जमतं याची त्याला ऐटच होती, मूर्खाला!

मग एक दिवस ताई आली. भाऊजींचे गुडघे गेले होते, बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. शिवणकाम करून साठवलेले पैसे तिनं पिशवीतून आणले होते, येता-जाता बसमधून वाचलेल्या आकड्याएवढे. भावाला आधी सांगितलंही नव्हतं, त्याला चकित करायचं होतं. काउंटरवर मालकानं वरच्या खर्चाचा कागद पुढं सरकवला. ताईनं तो वाचला, बाहेर गेली, वायपर उचलला आणि खालची ओळही वाचली. पेंटर शेजारीच उभा होता, हातात ओला ब्रश.

"तुझं अक्षर ओळखलं रे," ती म्हणाली, "म्हणून कुणाला काही विचारलंच नाही."

एवढंच बोलली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. पिशवी छातीशी धरून गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवसापासून पेंटरनं सगळे खर्च धरून एकच आकडा लिहायला घेतला. मालक भडकला. "अरे, समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा कमी दिसतो! गिऱ्हाईक काय आपलं तोंड बघायला येणार?"

"मग दुसरा पेंटर बघा," हा म्हणाला.

मालकानं बघितलाही. त्या नव्याचा पाच आहे की सहा, यावरून गिऱ्हाइकांशी रोज भांडणं. आठवड्याभरात मालकानं याला परत बोलावलं, याच्याच अटीवर.

पण ताईचं काय? तिच्या घरी गेला तर चहा मिळायचा, शिलाई मशीन मात्र थांबायचं नाही. निघताना तो दारात भाऊजींना म्हणायचा, "तिला एकदा येऊन काच वाचायला सांगा ना." भाऊजी खाली बघत. "ती आता दुसऱ्या बसनं जाते, तुमच्या रस्त्यानं नाही." तरी रोज बस थांबली की याचा ब्रश थबकायचा. ताईसारखी चाल दिसली की दोन पावलं पुढं जायचा आणि निघायची कुणी दुसरीच. त्याला गाडी विकायची नव्हती हो! तिनं पुन्हा एकदा रागवावं, यासाठी जीव तीळतीळ तुटत होता. अशी सहा वर्षं गेली.

आणि एका दुपारी ती आली. केस पांढरे झालेले, पिशवी तीच. याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या गाडीचा वायपर उचलला. खाली कोरी काच. मग दुसरीचा, तिसरीचा. रांगेतल्या अकराच्या अकरा गाड्या तिनं तपासल्या आणि पेंटर मागं मागं, वही बाईंच्या हातात गेलेल्या पोरासारखा. मग ती काउंटरवर गेली.

"काचेवर आहेत तेवढेच?"

"तेवढेच, बाई," मालक म्हणाला. "तुमच्या भावानं डोकं खाल्लंय माझं."

ती बाहेर आली. शेवटच्या गाडीवरचा रंग अजून ओला होता. तिनं त्या आकड्याजवळ बोट नेलं.

"सातचं पोट अजून सुटलेलंच आहे."

पेंटरनं फडक्यानं सात पुसला आणि ब्रश तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि सात त्याच्याकडूनच पुन्हा काढून घेतला.