हळदीच्या गाण्यातला दुसरा आवाज

तुमसरला राईस मिलच्या मागच्या गल्लीत माझी एक खोली आहे. भिंतींना फोम, खिडकीला जुनी गादी, एक माईक आणि कॉम्प्युटर. लोक तिला स्टुडिओ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मिलचा आवाज गादीतूनही आत येतो, त्यामुळे मिलची जेवणाची सुट्टी झाली की माझं रेकॉर्डिंग सुरू होतं.

भजनी मंडळं येतात, नाटकवाले येतात. गाणारा बहुतेक एकटाच असतो, पण जाताना चौघांचा आवाज घेऊन जातो. सॉफ्टवेअरला पट्टी सांगायची, वरचा एक सूर मागायचा, खालचा एक मागायचा. एक आवाज डावीकडे सरकवायचा, एक उजवीकडे, एकाला जरासा उशिरा सोडायचा. मग ऐकणाऱ्याला वाटतं, मागे माणसं उभी आहेत. मागे कोणी नसतं. मी असतो, आणि माझा गार झालेला चहा असतो.

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती सानगडीला दिली आहे. आमच्या गावात हळदीची गाणी ती आणि आई म्हणायच्या. नवरीच्या पायापासून कपाळापर्यंत हळद चढेस्तोवर गाणं खाली पडू द्यायचं नाही, असा आमच्याकडचा नेम. एका माणसाच्या दमात ते होत नाही, म्हणून दोघींनी म्हणायचं. पहिलीने ओळ म्हणून शेवटचा ‘वो’ लांबवायचा. तो लांबलेला असतानाच दुसरीने येऊन मिळायचं, मग पहिलीने श्वास घ्यायचा. आई गेल्यावर तिची जागा भरायला कोणी मिळेना, तेव्हा बाईने मला ओढून बसवलं. मांडवातल्या बायका हसायच्या. ‘हा पाहा वो, नवरीचा मामा का मावशी!’ मला त्याचं काही वाटत नसे. बाईचा आवाज शेजारून वर चढायचा आणि मी त्याच्या खाली हात धरल्यासारखा जायचो. तसं पुन्हा कुठल्याही गाण्यात वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, बाई वाचली. आवाज मात्र चिरला. बोलताना खरखरतो, जरा उंच गेला की दोन तुकडे होतात. ती स्वतःच थट्टा करते. ‘आमचा कोंबडा बरा गा, तो एकाच आवाजात बोंबलते.’ इतकी वर्षं माईक माझ्या ताब्यात होता आणि तिचा जुना आवाज माझ्याकडे एका ओळीचाही नाही. ती कुठे जाणार आहे, असंच धरून चाललो होतो.

यंदा तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी मला म्हणाली, ‘मामा, हळदीले तुमचं आन आईचंच गाणं पाह्यजे. डीजे नोको.’

बाई बाजूलाच भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी नाही गात. मामाच्या मशीनीत होत असन तं करून घे माहा आवाज.’

‘होते ना,’ मी म्हणालो.

फार लवकर म्हणालो. बाईचा हात क्षणभर भाजीवर थांबला, मग पुन्हा चालू लागला. तिला ‘नाही बाई, तूच म्हण’ हे ऐकायचं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मला सुटल्यासारखं झालं होतं. मला बाईचा जुना आवाज हवा होता. आत्ताचा नको होता. सख्ख्या बहिणीबद्दल असं वाटावं, हे लिहायचीही लाज वाटते.

तुमसरला येऊन मी कामाला लागलो. तिचा आवाज नव्हताच, म्हणून माझ्यातूनच काढायचा होता. मी पूर्ण गाणं म्हटलं. माझा आवाज तसाच ठेवला आणि त्याच्या एका नकलेचा सूर सॉफ्टवेअरमध्ये वर चढवला, जाडपणा काढला, कंप थोडा वाढवला. बराच वेळ ती कोणीतरी परकी बाई वाटत होती. मग एक बटण जरासं फिरवलं आणि हेडफोनमध्ये माझी बहीण गायला लागली. नाकातून निघणारा तोच बारीक सूर, ‘हळद’ म्हणताना ‘ळ’वर तसंच रेंगाळणं. एकाच आईचे गळे, दुसरं काय. ती माझ्या घशात इतकी वर्षं बसून होती आणि मला पत्ता नव्हता. मी टेबलावर डोकं टेकवून बसून राहिलो. बाहेर मिल सुरू झाली तरी उठलो नाही.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात गाणं पेन ड्राईव्हवर घेऊन सानगडीला गेलो. बाई ओसरीवर पापड लाटत होती. मुलीने स्पीकर आणला. गाणं सुरू झालं तसं बाईचं लाटणं थांबलं.

‘हे कोण व्हय?’

‘तूच, बाई.’

‘मी?’ ती हसली. ‘बाप्पा! चांगली गावत होती मंग मी.’ पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘अजून लाव.’

दुसऱ्यांदा ती डोळे मिटून ऐकत होती. पहिली ओळ संपली, ‘वो’ लांबला, आणि तिने हात वर केला. ‘तुटलं पाहा.’

‘काय तुटलं?’

‘गाणं. आपण दोघंबी एकदमच दम घेऊन राहिलो ना. मंग धरून कोण हाये?’

मी पुन्हा लावलं. खरंच होतं. तिचा आवाज माझ्याच आवाजातून काढलेला. मी जिथे श्वास घेतला तिथे तीही घेत होती. प्रत्येक ओळीनंतर एवढीशी रिकामी जागा होती, आणि ती भरणारं कोणी नव्हतं. मी इतका वेळ ऐकूनही तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मला आवाज ऐकायचा होता, तो ऐकला.

‘मी जोडून देतो,’ मी म्हणालो. ‘तुझा आवाज जरा मागे सरकवला की होतं.’

‘जोड मंग,’ म्हणून ती पापडाकडे वळली.

मी गाडीपर्यंत गेलो. किल्ली लावली, काढली आणि परत ओसरीवर आलो. ‘बाई, त्या दिवशी तू नाही गात म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.’

ती लाटत राहिली. ‘माहीत हाये मले.’

‘आता नाही वाटत. तूच म्हण. जसा आहे तसा.’

‘लोक हासतीन, बाबू.’

‘मला बायकांत बसवलंस तेव्हा नव्हते हसत?’

तिने पापड उचलून कापडावर टाकला. ‘तुले चहा पाह्यजे का चालला तू?’ एवढंच म्हणाली.

हळदीच्या सकाळी स्पीकर मांडवात होता आणि पेन ड्राईव्ह माझ्या खिशात. भाची पाटावर बसली. बायकांनी तिच्या पायाला पहिली हळद लावली. मी स्पीकरकडे गेलो नाही. बायकांच्या मागे सतरंजीवर बसून सुरुवात केली. बाई हळदीची वाटी धरून माझ्याकडे पाठ करून उभी होती. ओळ संपली. मी ‘वो’ धरला आणि धरूनच ठेवला. दम संपत आला, कानात गुणगुणायला लागलं, दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. आता तुटणार असं वाटलं.

तेव्हा पुढून एक खरखरीत, चिरलेला सूर आला आणि माझ्या सुराला येऊन टेकला. जुना अजिबात नव्हता. मध्येच फाटला, खाली घसरला, पुन्हा चढला, पण सुटला नाही. मी तोंड मिटून श्वास घेतला.

आणि ऐकतच राहिलो. तिची ओळ संपत आली तरी मी आत शिरलो नाही. बाईने ‘वो’ लांबवत मागे वळून हळदीच्या हाताने माझ्या खांद्यावर थाप मारली. तिचाही दम संपत आला होता.

मी सूर धरला.