पितृपक्षातली खोली

अकोल्याच्या जठारपेठेत गोदावरीबाईंच्या घराची पुढची खोली भाड्याने मिळते, पण सहजासहजी नाही. यजमान मोरोपंत वकील होते. ते गेल्यापासून भाडेकरू पारखायचं काम बाईंकडेच आलं. जामीन अकोल्यातलाच हवा आणि रक्ताच्या नात्यातला नको, हे त्यांचं ठरलेलं. शिवाय जामिनाच्या घरी त्या स्वतः जायच्या, तेही न कळवता. तिथे पाणी कोण आणून देतं, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, एवढं पाहून यायच्या आणि मगच हो किंवा नाही सांगायच्या.

मूर्तिजापूरचे जानराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, बायकोला घेऊन त्यांच्या दारी आले. मनकर्णाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दवाखाना बाईंच्या गल्लीच्या टोकाशीच. उपचार झाले की परतीच्या गाडीत त्यांना बसवत नसे; जानराव त्यांचं डोकं खांद्यावर घेऊन दाराशी उभे राहत. खोली मिळाली तर ती ओढाताण वाचणार होती.

मुलगा अनुप पुण्याहून फोनवर म्हणाला, मीच जामीन राहतो. बाईंनी ऐकलं नाही. मग जानरावांनी गावाकडचा संघपाल आणला. तो कृषी विद्यापीठात कारकून होता. रविवारी बाई रिक्षाने त्याच्या घरी जाऊन थडकल्या. संघपाल बनियनवरच गडबडून उभा राहिला, तर त्याची बायको माया आतून म्हणाली, "पाहत काय बसले, बाईले खुर्ची द्या ना." बाईंना घर पटलं. सोमवारी संघपालने सही केली.

राहिली फक्त किल्ली. पण पितृपक्ष लागला होता. बाई म्हणाल्या, घटस्थापनेला या, चांगल्या दिवशी किल्ली देते.

जानरावांनी मान डोलावली. संघपाल मात्र उंबऱ्यातच थांबला.

"बाई, खरं सांगा. पितृपक्ष आडवा येऊन राह्यला, का आमी?"

बाईंना ते लागलं. पण त्या चिडल्या नाहीत. याच घरात आम्ही पितृपक्षात राहायला आलो, असं त्यांनी सांगितलं. मोरोपंत तेव्हा हसले होते, आणि पुढचा पितृपक्ष त्यांना दिसला नाही. "आजारी बाईला मी त्या दिवसांत आत कशी घेऊ?" जानराव संघपालला म्हणाले, चाल बाबू, त्यांचं बी बरोबर हाये.

मग बाई कामाला लागल्या. भिंतींना चुना दिला, मोरीशी आधाराला दांडी बसवून घेतली. मनकर्णाबाईंना झोपूनच रस्ता दिसावा म्हणून खाट खिडकीशी सरकवली.

घटस्थापनेला जानराव एकटेच आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बाईंनी पाहिलं आणि हातातली किल्ली पदराआड घेतली.

मनकर्णाबाई आदल्या आठवड्यात गेल्या, परतीच्या गाडीत, बोरगावच्या पुढे, असं त्यांनी सांगितलं. खोली अडकून राहू नये म्हणून ते मुद्दाम आले होते. संघपालचंही नाव काढून टाका म्हणाले, पोरगा उगाच कशात गुंतायला नको.

बाईंनी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत, गाडीची वेळ झाली होती.

"जानराव, तुम्ही तेव्हाच का नाही म्हणालात, की थांबता येणार नाही म्हणून? मी दिली असती हो किल्ली."

जानराव खिडकीजवळच्या खाटेकडे पाहत होते.

"म्या म्हणणार होतो, बाई. तिनंच नको म्हटलं. आपून काई हे पाळत नाई, पण तिले लई बरं वाटलं होतं. म्हणे, आपल्यासाठी कोणी चांगला दिवस पाहून राह्यलं, असं कवा झालं होतं?"

ते चपला घालून निघून गेले. बाई दारात उभ्याच राहिल्या. आत देवापाशी घट मांडायचे होते. शेजारची श्रावणी दोनदा बोलवायला आली, तरी त्यांचा पाय हलेना.