अंगात आलं होतं

मोठ्या भक्तांनी आपले अनुभव लिहावेत आणि आपण ते वाचावेत, एवढंच आजवर मला ठाऊक होतं. माझी ना साधना, ना नेमाची पूजा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचीही सवय नाही. तरी लिहायला बसलो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. झालेलं सगळं पोटात ठेवलं तर चैन पडत नाही, आणि मित्रांना सांगायला गेलो की इतकं भरभर बोलतो की त्यांना काहीच कळत नाही. कागदावर तरी जरा सावकाश होईल, अशी आशा आहे.

मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव मंद्रूपच्या पुढे. थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो, मोहोळला दिलेली आहे आणि या वर्षी ती पहिलटकरीण. योगायोग असा की कॉलेजातल्या मॅडमनी मला प्रोजेक्टसाठी विषय दिला तोही गरोदरपणातल्या रक्तदाबाचा. कोणत्या बाईचा रक्तदाब पुढे वाढू शकेल, हे आधीच ओळखता येतं का ते बघायचं. तिचं वय, वजन, आत्ताचा रक्तदाब, पहिलंच बाळंतपण आहे का, तिच्या आईला असा त्रास झाला होता का, अशी माहिती भरली की कॉम्प्युटरने धोका कमी की जास्त ते सांगायचं. मला या कामाचं वेडच लागलं. वर्गात बसलो तरी बोटं टाइप करत असायची. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी श्रद्धा पातळ झाली होती. घरी गेलो की देव्हाऱ्यापुढे हात जोडायचो, पण ते आईला बरं वाटावं म्हणून. जे आधी ओळखता येतं त्यासाठी नवस कशाला बोलायचा, असं मनात यायचं.

प्रोग्रॅम चालायला लागला त्या दिवशी पहिली माहिती मी आक्काचीच भरली. एका प्रश्नासाठी आईला फोन केला. विचारलं, "आक्काच्या वेळी तुला बीपीचा त्रास होता का? झटके वगैरे आले होते का?"

"न्हाय रं बाबा," आई म्हणाली. "आपल्यात तसलं कुनालाच न्हाय. मी तर शेवटापतुर खुरपायला जात हुते."

मी "नाही" असं भरलं. धोका कमी, असं उत्तर आलं. मी उड्या मारतच आक्काला कळवलं. ती हसली. "मग ह्यांना सांग की. सारखं तपासायला चल म्हनून मागं लागलेत माझ्या." दाजींनाही मीच सांगितलं. आधीच्या महिन्यात रक्तदाब चांगला होता, त्यामुळे या महिन्याची तपासणी तिने सावकाश करू म्हणून पुढे ढकलली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता आईच्या नेमाबद्दल सांगायला हवं. दर वर्षी आक्काच्या जन्माच्या महिन्यात आई सोलापूरला येते आणि नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या लहानशा देवळात देवीची ओटी भरते. कारण आक्का झाली त्या दिवशी आईच्या अंगात देवी आली होती. ही गोष्ट आमच्या घरात मानाने सांगतात. पाहुण्यांपुढे, लग्नाकार्यात मी ती कितीदा तरी ऐकली आहे. इतक्यांदा, की तिच्याकडे लक्ष देणंच मी सोडलं होतं.

या वर्षी आई आली तेव्हा मी अभ्यासाचं कारण काढलं. तिने ओटीची पिशवी सरळ माझ्या हातात दिली. "चल गुमान. देवाकडं आलास म्हणून तुजा कॉम्प्युटर रुसत न्हाय."

ओटी भरून झाली आणि आम्ही मंडपात टेकलो. शेजारी एक म्हातारी पाय पसरून बसली होती. इरकल नेसलेली, अक्कलकोटकडची असावी, कारण बोलण्यात कानडी डोकावत होतं. आईने तिला खोबऱ्याचा तुकडा दिला. तिने कशाची ओटी म्हणून विचारलं. लेकीला यंदा दिवस गेलेत असं सांगून आईने आपली नेहमीची गोष्ट सुरू केली. मी मोबाइल बघत होतो.

"पोरीच्या टायमाला अंगात आलतं बगा. डोळं फिरलं, दातखीळ बसली. हातपाय ताठ. सासूबाई म्हनल्या, देवी आली, हळदकुंकू आना."

म्हातारीचं खोबरं चावणं थांबलं. "यव्वा. आधी डोकं दुखत हुतं का गं? अंग सुजलं हुतं?"

"लई. हातातल्या बांगड्या फोडून काढाय लागल्या. तुमाला कसं ठावं?"

"माज्या थोरल्या सुनंलाबी अशीच आलती देवी. भंडारा लावला, पाया पडलो. मग ल्योक म्हनला, दवाखान्यात न्यायचीच. तितं डाक्टर म्हनला, बीपी वाढलाय, हे झटके हायत." तिने देवीकडे बघून हात जोडले. "देवी खरी, आन् त्यो डाक्टरबी खराच म्हनायचा. वाचली माजी सून. तुमच्या लेकीला दिवस गेल्यात म्हनता, तिला दावलं का?"

मी मोबाइलवरून मान वर केली. आई खोटं बोलली नव्हती. मी झटके म्हणत होतो आणि आमच्या घरात त्याला तो शब्दच नव्हता. मी तिथूनच, देवीसमोरच, आक्काला फोन लावला.

"डोकं ठनकतंय जरा," ती म्हणाली. "ऊन लागलं असंल. डोळ्यापुढं मधनंच काजवं चमकत्यात. पन तुझा कॉम्प्युटर तर मला बरी हाय म्हनतोय की."

"त्याचं काही ऐकू नकोस," मी म्हणालो. "दाजींना फोन दे."

दाजींनी जास्त काही विचारलं नाही, गाडी काढली. मी फोन ठेवून वळलो तर म्हातारी बस गाठायला निघून गेली होती. तिचं गाव, नाव आम्ही विचारलंच नव्हतं. आई खांबाला टेकून बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी न्हाय म्हनले रं तुला. मी न्हाय म्हनले."

मोहोळला तपासलं तेव्हा आक्काचा रक्तदाब खूप वाढलेला निघाला. लघवीतून प्रथिनं जात होती. तिथून तिला लगेच सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. औषधं सुरू केली आहेत, पण बाळाला अजून थोडे दिवस पोटात राहू द्यायचंय, तोवर इथेच ठेवू. मग आमची वाट बघणं सुरू झालं. सकाळी कॉलेज, दुपारी डबा घेऊन दवाखाना, आणि पोचल्या पोचल्या रक्तदाबाचा आकडा खाली आला की नाही ते विचारायचं. आकडा उतरला की मी जिना धावतच उतरायचो. चढला की आई पदराच्या टोकाला गाठ मारायची. तिच्या पदराला त्या दिवसांत किती गाठी होत्या, देवीलाच माहीत.

मधल्या एका दुपारी मी मॅडमना सगळं सांगितलं आणि भीतभीत विचारलं, यादीत एक प्रश्न वाढवला तर चालेल का? "बाळंतपणात आईच्या अंगात आलं होतं का?" त्या हसतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आमच्याकडे याला वारं लागणं म्हणतात. तेही लिही."

ती म्हातारी कोण, असं मला मित्र विचारतात. मला माहीत नाही. बस उशिरा आहे म्हणून देवळात टेकलेली एक बाई असेल. तसंच असेल. पण आईने त्याच दिवशी यावं, मला ओढून न्यावं, तिने खोबरं पुढे करावं आणि इतकी वर्षं कानांवरून गेलेली गोष्ट मला पहिल्यांदा ऐकू यावी, याला काय म्हणायचं ते मी ठरवायला जात नाही. मला अंदाज बांधायला शिकवलं आहे, तो मी बांधत राहीन, प्रश्न विचारत राहीन. उत्तर कोणाच्या तोंडून द्यायचं, हे मात्र आता देवीवर सोडलं आहे. देव्हाऱ्यापुढे हल्ली हात जोडतो तेव्हा आई बघते आहे की नाही, याकडे माझं लक्ष नसतं.

एवढं काल लिहून झालं होतं. शेवट कसा करावा ते कळेना म्हणून कागद तसेच ठेवले. आज सकाळी प्रयोगशाळेत होतो, फोन थरथरला. आई होती.  म्हणाली, "मुलगी झाली रं. बारकी हाय, पन रडती अशी की वार्ड दनानलाय. आक्का बरी हाय, शुद्धीत हाय, च्या मागतीया."

 आई पुढे म्हणाली, "आन् ऐक. या बारीला देवी अंगात न्हाय आली. दाराशी बसून ऱ्हायली."