चौसष्ट ओळी

शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईला एक वाईट खोड लागते. समोरचा अडला की आधी "चुकलं" म्हणायचं आणि मग बघायचं, खरंच चुकलं का. गंगाखेडच्या शाळेत मी कित्येक वर्षं पोरांना हे म्हणत आले आणि त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. पण तेच मी घरी येऊन माझ्या सासऱ्यांना म्हणाले, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. गावातल्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी दिवेलागणीला भजन असतं. पुरुष आत बसतात, बायका बाहेर ओट्यावर. आरतीच्या आधीचं शेवटचं पद मामांचं, वडिलांकडून आलेल्या चालीतलं. मामा ओळ म्हणणार, पोरं उचलणार, बाहेरून बायका उचलणार. ही चाल पूर्ण येणारं मामांशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि भजनी मंडळातली तरणी माणसं कारखान्यात नाहीतर उसात, त्यांना सरावाला वेळ कुठला. मृदंग वाजवणारे निवृत्त गुरुजी एकदा मला म्हणाले की मोबाइलवर ऐकून पाठ करता येईल असं काही करून द्या. मी लगेच हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला माझी करामत दाखवायची होती.

करामत म्हणजे ट्रॅकर. गाणी रचायचा हा एक जुना प्रोग्राम, मला कॉलेजात असल्यापासून त्याचं वेड. पडद्यावर उभे रकाने आणि आडव्या ओळी, शाळेच्या वेळापत्रकासारखं. एका रकान्यात टाळ, दुसऱ्यात मृदंग, तिसऱ्यात पेटी. ज्या ओळीवर आवाज ठेवाल तिथं तो वाजतो, आणि प्रोग्राम वरून खाली ओळी वाचत सुटतो. चौसष्ट ओळी झाल्या की पान संपलं, पुढचं पान सुरू. गती किती, एका पानात ओळी किती, हे सगळं सेटिंगमध्ये ठरवायचं. लग्नाआधी मी यात तासन्‌तास घालवायची आणि आई म्हणायची, ही पोरगी आकडे ऐकते.

मी टाळ बसवला, मृदंग बसवला, पेटी बसवली. दोन रविवार गेले. मग मामांच्या कानाला इअरफोन लावून त्यांना टाळाच्या ठेक्यावर गायला बसवलं. आवाज पंच्याहत्तरीतही खणखणीत. पण ध्रुपदाची, म्हणजे पालुपदाची, ओळ संपली की मामा थांबायचे. दोन ठेके नुसतेच जाऊ द्यायचे आणि मग पुढची ओळ धरायची. तोवर माझं पुढचं पान सुरू झालेलं असायचं.

"मामा, चुकलं," मी म्हणाले. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. चौथ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणाले की ठेका कानात वाजतोय ना, मग थांबता कशाला? आत्या दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मामांनी इअरफोन काढला आणि साधंच विचारलं, "तुझं मशीन थांबत न्हाई का गं?"

मी म्हणाले, नाही थांबत.

हे खोटं होतं. सेटिंगमध्ये एका पानाच्या ओळींचा आकडा असतो. ध्रुपदाच्या पानाला चौसष्टचं बहात्तर केलं असतं, तर त्या आठ ओळींत मामांना थांबायला जागा झाली असती. आकडा बदलायला दोन सेकंद पुरे. पण मग त्या पानावरचा मृदंग, पेटी, टाळ सगळं नव्याने बसवावं लागणार, आणि मला कंटाळा आला होता. आकडा बदलण्यापेक्षा म्हातारा माणूस बदलणं मला सोपं वाटलं. मामांनी पुन्हा इअरफोन लावला आणि शाळेतल्या पोरासारखं न थांबता, धापा टाकत, पद पूर्ण केलं. मी म्हणाले, आता कसं बरोबर आलं, आणि तेच रेकॉर्डिंग ट्रॅकरच्या ओळींवर बसवून टाकलं.

त्याच्या पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मामा आपणहून माझ्याजवळ आले. म्हणाले, आता एकदा माझं मला माझ्या मनानं म्हणू दे. मी फोन पुढं धरला. इअरफोन नाही, ठेका नाही. डोळे मिटून त्यांनी पद म्हटलं, आणि प्रत्येक ध्रुपदानंतर मनसोक्त थांबले. मी ते लॅपटॉपवर घेतलं, ट्रॅकरच्या आवाजांच्या यादीत शेवटी टाकलं आणि नाव दिलं 'मामा, मनानं'. पण एकाही ओळीवर बसवलं नाही. पुढं कधीतरी बघू म्हटलं. फोन भरत आला होता म्हणून फोनमधून ते काढूनही टाकलं, लॅपटॉपात आहेच म्हणून.

लॅपटॉप माझा परभणीहून घेतलेला, जुना, दुसऱ्याच्या हातचा. फाइल जड झाली की अडकून बसायचा. एका दुपारी वैतागून मी सेटिंग उघडली आणि जी जी खूण फाइल हलकी करते ती ती लावत गेले. त्यात एक होती: जतन करताना न वापरलेले आवाज काढून टाका. खूण केली, जतन केलं, फाइल निम्मी झाली. मी स्वतःवर खूश होऊन चहा ठेवला. मशीनच्या हिशेबानं जो आवाज कोणत्याच ओळीवर नाही तो कचरा, आणि मामांचा खरा आवाज मी एकाही ओळीवर ठेवलेला नव्हता.

महिन्याभरात मामांना अर्धांगवायू झाला. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं आणि वाचाही गेलेली. सगळं गाव बघायला येऊन गेलं आणि प्रत्येकजण मामांना धीर देताना एकच सांगायचा, काळजी करू नका, तुमचं पद सूनबाईनं धरून ठेवलंय. मामा माझ्याकडं बघायचे. एका रात्री मी, ती खूण केल्यापासून पहिल्यांदाच, फाइल उघडली आणि यादी खालीवर करत राहिले. शेवटचं नाव नव्हतंच. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडं लॅपटॉप नेला, त्यालाही काही सापडलं नाही.

गुरुजी मंडळातल्या चौघांना घेऊन घरी आले. मामा खाटेवर होते. तेव्हा मी सांगायला हवं होतं की खरं पद माझ्या हातून गेलंय आणि हे जे आहे ते दामटून गाऊन घेतलेलं आहे. पण समोर पाच माणसं, त्यांच्या चेहऱ्यावर माझं कौतुक, आणि मी पडले बाईसाहेब. मी फाइल लावली. न थांबणारे मामा वाजू लागले. एकजण म्हणाला, लय साफ आलंय. सगळ्यांनी ते मोबाइलवर घेतलं. मामांनी भिंतीकडं तोंड केलं, आणि मी ते बघूनही गप्प बसले. लाज वाटली, पण ती गिळली.

मंडळानं पद पाठ केलं. मामांना चाकाच्या खुर्चीवर देवळाच्या दारात नेऊन बसवायचं काम माझ्याकडं आलं. एरवी सोमवारी माझी बस उशिरा यायची आणि मी देवळात क्वचितच जायची. आता मी लवकरची बस धरून येऊ लागले आणि ओट्यावर बायकांत बसू लागले. पहिल्याच सोमवारी आत पद सुरू झालं. पोरांनी ध्रुपद म्हटलं, बाहेर आत्यांनी आणि बाकी म्हाताऱ्यांनी ते उचललं. बायकांची ओळ निम्म्यात आली, तोच आत पुढची ओळ सुरू झाली. दारातल्या खुर्चीवर मामांचा डावा हात वर गेला, तळवा उघडा, थांबा म्हणावं तसा. आत कुणाचं लक्ष नव्हतं. बायका एकेक करून गप्प झाल्या.

मला तेव्हा कळलं ते थांबणं कशाचं होतं. बाहेर आवाज उशिरा पोचतो, म्हाताऱ्या बायकांचा दमही कमी, त्यांची ओळ पुरी होईस्तोवर मामा आत थांबायचे. त्यांचे वडीलही थांबत असणार. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण ते आपोआप घडत होतं. आणि मी त्याला चूक म्हणाले होते, चारदा.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी गुरुजींकडं गेले आणि सगळं सांगितलं, खूण, फाइल, चौसष्ट, बहात्तर. नवीन फाइल करून देते म्हणाले, थांबायच्या जागांसकट. गुरुजी रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता पोरांच्या तोंडात बसलंय बाई. पुन्हा कुठं उसवायचं?" मी तरी फाइल केली. त्यात मामांचं दामटलेलंच गाणं, फक्त मध्ये मोकळ्या आठ ओळी. ती मोबाइलवर कुणी घेतली नाही. वरातीमागून घोडं.

आता चार-पाच महिने झाले. दर सोमवारी मामांचा हात त्याच जागी वर जातो. आत्यांनी ते पद म्हणणं सोडलंय, मांडीवर हात ठेवून नुसत्या बसतात. मामांना मी घडलेलं सगळं सांगितलं, खाटेजवळ बसून. त्यांनी ऐकलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं की बाजूला सारलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

गेल्या सोमवारी देवळातून परतताना मी खुर्ची ढकलत होते आणि आत्या शेजारून चालत होत्या. आमच्या घराच्या वळणावर त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या मशीनमधी बायकांपुरती जागा न्हवती का गं?"

"होती, आत्या," मी म्हणाले. "मीच केली नाही."

आम्ही घरापाशी आलो. उंबऱ्यापाशी खुर्ची उचलायला त्यांनी हात लावला.