वाळवंटातली नदी

"खोडाचं नाई बाप्पा, निस्तराचं."

आमच्या अकोल्याच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर वर्गात शिरले, की आधी मुलांचे खोडरबर गोळा करत. रेघ चुकली तर तिचंच काहीतरी करा, हा त्यांचा नियम.

त्यांचं निसर्गचित्र तुम्हीही काढलेलं आहे. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. तेही अकोल्यात, जिथून डोंगर बघायला एसटीने चिखलदऱ्याला जावं लागतं.

निवृत्तीच्या वर्षी कलाशिक्षकांची सहल राजस्थानातल्या एका डोंगरी गावाला निघाली. चहूकडे वाळवंट आणि गाव चित्रकारांचं, भिंतीभिंतीवर हत्ती-घोडे. मी भूगोलाचा शिक्षक. एक जागा रिकामी होती म्हणून गेलो. पहिला दिवस उद्घाटनात गेला. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो एवढा मोठा, की मागचा डोंगर दिसेना. मास्तर म्हणाले, "सायेब हलले, की काढू."

दुसऱ्या दिवशी मंडळी किल्ला बघायला गेली आणि मास्तर त्या लालसर, उघड्या डोंगरासमोर वही घेऊन बसले. तासाभराने मी डोकावलो. दोन सारखे त्रिकोण, मधे सूर्य, झोपडी, नदी.

"मास्तर, इथे नदी कुठली?"

त्यांनी समोर पाहिलं, मग कागदाकडे. "हात काढून राहिला ना, भूगोलसर. मी कुठी काढून राहिलो?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "तीस वर्सं पोरायले म्हटलं, पाहून काढा. मी एकदा तरी पाह्यलं काय?"

तिसऱ्या दिवशी बाजार, तलाव, उंटाची सवारी, सगळं सोडून ते पुन्हा तिथेच. "उद्या गाडी हाय. आज नाई जमलं, तर मंग कवा?" डोक्यावर ओला दुपट्टा, पेन्सिल हातभर पुढे, एक डोळा मिटलेला. मी खालून बाटलीने पाणी पोचवत होतो.

"खोडरबर आणू का?"

"चूप बसा ना, सर."

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. कागद त्यांनी गाडीतही कोणाला दाखवला नाही.

मास्तर गेल्या वर्षी गेले. श्रद्धांजलीच्या बॅनरवर शाळेने त्यांचा तोच दोन डोंगरांचा देखावा छापला. नंतर त्यांच्या मुलीने मला तो कागद आणून दिला.

डोंगर एकच, एका अंगाला बसलेला. सूर्य नाही. खाली डावीकडून एक नदी निघते, बोटभर येते आणि थबकते. तिथून मास्तरांनी तिची पायवाट केली आहे. वाटेवरून पाण्याची बाटली घेऊन, सुटलेलं पोट सांभाळत, एक माणूस वर येतो आहे.