मौनात होतो तेव्हा

परंदवडीजवळच्या ज्या कंपनीत मी सव्वीस वर्षं प्रेस मशीन चालवलं, ती गुजरातला हलली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. घरी आम्ही तिघं. बायको पॉलीहाऊसमध्ये गुलाब तोडायला जायची. आबा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. माणूस ओळखायचे ते आवाजावरून.

रिकामपण खायला उठलं होतं. एकानं सांगितलं, वलवणला एक निवृत्त शिक्षिका सकाळी ध्यानाला बसवतात. बेगडेवाडीहून लोकल पकडून मी जायला लागलो. बाईंच्या घराच्या पडवीत सात-आठ जण बसायचो. बाई म्हणायच्या, "श्वास येतोय, जातोय, तेवढं बघा. मन पळालं की परत आणा. रागवू नका त्याच्यावर." वीस मिनिटं झाली की चहा. मी महिनाभर गेलो. गुडघे दुखले, डोक्यात प्रेसचा ठोका चालू राहिला, बाकी काही झालं नाही. मला ते फार स्वस्त वाटलं. जन्माचं कोडं असं चहाच्या आधी वीस मिनिटांत सुटत असतं का?

मग मला गावामागच्या डोंगरावरचे एक महाराज भेटले. कातळाच्या आडोशाला एकटेच राहायचे, अंगावर एक पंचा. ते म्हणाले, "देह झिजवल्याशिवाय मन हाताला लागत नाही." हे मला पटलं. कंपनीतही घाम गाळल्याशिवाय काही मिळालं नव्हतं.

मी एकभुक्त झालो, दिवसातून एकदाच जेवायचं. मीठ, तेल, तिखट बंद. नुसत्या फरशीवर झोपायचं. पौषातल्या थंडीत पहाटे हौदाचं पाणी अंगावर घ्यायचं. दोन महिन्यांत पँट कमरेवर राहीना. गावातली माणसं रस्त्यात वाकून नमस्कार करू लागली. मी वरवर नको नको म्हणायचो, पण एखाद्यानं केला नाही तर ते माझ्या लक्षात राहायचं.

बायको एकदाच बोलली. "उपास तुमी करताय, पर सैपाक मला दोनदा करावा लागतोय. आबांचा निराळा, तुमचा निराळा."

मी चिडलो. हल्ली लवकर चिडायचो. राग आवरायचा म्हणून महाराजांना विचारून एक्केचाळीस दिवसांचं मौन धरलं. बायकोशी पाटीवर लिहून बोलायचं. आबांना पाटी वाचता येणार नव्हती, म्हणून ठरवलं की मी जवळ असलो की लाकडावर दोनदा टकटक करायची. बायकोनं आबांना ते समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजे माज्याशी बी बोलायचं न्हाई?" मी दोनदा टकटक केली.

एकविसाव्या दिवशी दुपारी बायको कामावर होती. आबा ओट्यावर बसलेत असं समजून मी मधल्या खोलीत जपाला बसलो होतो. आबा कधी आत आले कळलं नाही. माझ्या हातून माळेचा आवाज झाला असेल.

"कोन हाय रं तितं?" आबा म्हणाले.

टकटक करायची म्हणजे उठून दाराच्या चौकटीपर्यंत जायला हवं होतं. माळ संपायला अकरा मणी राहिले होते. मनात आलं, अकरा मणी होऊ देत.

"कोन हाय? बोल की." त्यांचा आवाज चढला. आठवड्यापूर्वीच शेजारच्या आळीत भरदिवसा चोरी झाली होती. "घरात मानसं हायत बरं का!" असं म्हणत ते मागं सरकत गेले. काठी चाचपडताना त्यांचा पाय बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याला अडला आणि ते उताणे ओट्यावर पडले. मी तेव्हा त्या अकरातल्या सहाव्या की सातव्या मण्यावर होतो.

"आबा!" मी ओरडलो. वीस दिवस न वापरलेला आवाज घोगरा, चिरका निघाला. मी त्यांना उठवायला गेलो, तर त्यांनी मला ढकललं. "सोड! कोन हायेस तू? सोड मला!"

"मी हाय आबा. मीच हाय."

ते थांबले. माझ्या तोंडावरून हात फिरवला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. त्यांच्या हातालाही मी ओळखू येईना. पुन्हा पुन्हा "आबा, मी हाय" म्हणत राहिलो तेव्हा कुठं त्यांनी अंग सैल सोडलं.

मला त्यांना उचलता आलं नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोचं म्हातारं माणूस, आणि माझ्या हातांत तेवढंही बळ उरलं नव्हतं. शेजारच्या मुसलमान शिलाईवाल्यानं पळत येऊन त्यांना एकट्यानं उचललं आणि रिक्षात बसवलं. दवाखान्यात कळलं, उजवं मनगट मोडलं होतं, खुब्याला मुका मार होता. दीड महिना प्लास्टर.

संध्याकाळी घरी आलो. बायको मला बोलेल असं वाटलं होतं, मला ते हवंही होतं. तिनं वरण-भात वाढून ताट पुढं ठेवलं. मी म्हणालो, "आज नको."

"आदी जेवा," ती म्हणाली. "मग त्यास्नी उचला. मला एकटीला न्हाई झेपायचं."

मी जेवलो. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवलो. त्या दीड महिन्यात आबांना न्हाणीत न्यायचं, घास भरवायचा, कपडे बदलायचे, सगळं माझ्याकडं होतं. व्रत कधी सुटलं ते वेगळं ठरवावंच लागलं नाही.

एक दिवस त्यांची दाढी करताना मी म्हणालो, "आबा, चुकलं माजं."

ते म्हणाले, "मला चोर वाटला. पर नंतर इचार केला, चोर असता तर पळाला असता. तू बसूनच ऱ्हायलास." ते रागानं बोलले नव्हते. मला मात्र वस्तरा थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला.

प्लास्टर निघाल्यावर मी वलवणला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आबांची हाक ऐकू आली होती तुम्हाला?"

"आली होती. पण मणी मोजत होतो."

"भाऊ, मला तुमच्या महाराजांचं काही माहीत नाही. ते एकटे आहेत, त्यांना ते जमत असेल. तुम्ही बसाल तेव्हा कोणी हाक मारली तर उठा. काम झालं की परत येऊन बसा. त्यानं काही बिघडत नाही."

महाराजांनाही सांगायला वर गेलो होतो. त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ वळत नाही. जे सांगायचे ते स्वतः करायचे. ते म्हणाले, "कच्चा निघालास." मी हो म्हणालो आणि खाली आलो. उतरताना वाईट वाटत होतं. इतके महिने सोसलेलं सगळं वाया गेलं असं वाटत होतं, आणि ते वाटणं जायला बरेच दिवस लागले.

आता मी पॉलीहाऊसमध्येच ठिबकच्या नळ्या बघायचं काम करतो. सकाळी आबांच्या खाटेशेजारी वीस मिनिटं बसतो. मन अजून पळतं. राग येतो, पण येताना बऱ्याचदा दिसतो, एवढा फरक पडलाय. मुक्ती वगैरेचं मला सांगता येणार नाही.

मध्यंतरी आबांनी विचारलं, "डोळं मिटल्यावर काय दिसतं रं तुला?"

"काय न्हाई आबा. अंधार."

"मला उघडल्यावर बी त्योच," ते म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, उद्यापासून त्यांनाही उठवून बसवायचं. पाठीला उशी लावून मी त्यांना बसवतो. पाच मिनिटांत ते घोरायला लागतात.